संभव मोजावयास शिकविणे : साध्या व संयुक्त घटना

(उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

संभवाची भाषा मुलाला शाळेत येण्यापूर्वीच अवगत असते. ‘आज बहुधा पाऊस येईल’, ‘मामा कदाचित उद्या येतील’, ‘एवढ्या उन्हात रोप जगणे कठीण’ ही वाक्ये तो घरी व शेतावर रोज ऐकतो. या शब्दांच्या जागी मोजून काढलेली संख्या ठेवणे, एवढेच काय ते गणिताने करावयाचे असते. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे पोहोचलेल्या विद्यार्थ्यासमोर नमुना अवकाश, घटना, निष्पत्ती ही नावे एकदम उभी राहतात. तो सूत्र पाठ करतो आणि दोन नाण्यांचे उदाहरण येताच अडखळतो. याचे कारण दहावीत नसून सहावी-सातवीत आहे. ज्या वयात हाताने नाणे उडवून, फासे टाकून, दाणे मोजून पाहावयाचे, त्या वयात हा विषय मुलांच्या वाट्याला फारसा आलेलाच नसतो.

पहिल्या तासाला सूत्र फळ्यावर लिहू नये. वर्गाच्या भिंतीवर एक दोरी बांधावी. एका टोकाला ‘अशक्य’ व दुसऱ्या टोकाला ‘निश्चित’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि क्वचित, कदाचित, बहुधा, बहुतेक, खात्रीने हे शब्द मुलांकडून मधल्या जागी लावून घ्यावेत. ‘बहुधा’ पुढे की ‘बहुतेक’ पुढे, यावर वर्गात हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा. शब्दांनी काम भागत नाही, संख्या हवी, हे त्या वादातूनच मुलांना पटते. मग ‘अशक्य’पाशी ० व ‘निश्चित’पाशी १ लिहावे. यापेक्षा अधिक वेळ या भागास देण्याचे कारण नाही.

पुढील पायरी एका नाण्याची. निष्पत्ती दोन, छापा व काटा; दोन्ही सारख्याच संभवाच्या; म्हणून छापा पडण्याची संभाव्यता १/२. येथे ‘सारख्याच संभवाच्या’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे असून शिकविताना नेमके तेच गळतात. मग मूल असा नियम करून बसते की, गोष्टी दोन असल्या की प्रत्येकीचा संभव अर्धा. हा गैरसमज लगेच मोडून काढण्यासाठी कवडी हे उत्तम साधन आहे. कवडीही दोनच तऱ्हांनी पडते, उताणी वा पालथी. परंतु तिची पाठ फुगीर व पोट चपटे असल्याने दोन्ही तऱ्हा सारख्या नव्हेत. प्रत्येक गटाने एक कवडी शंभर वेळा टाकून नोंद करावी. कवड्या न मिळाल्यास फोडलेले चिंचोके घ्यावेत. त्यांची एक बाजू पांढरी व एक काळसर असल्याने मोजणे सोपे जाते. जेथे निष्पत्ती सारख्या असल्याची खात्री नाही, तेथे मोजणीखेरीज गती नाही, हे मुलांना या एका प्रयोगाने कळते.

आता दोन नाण्यांकडे वळावे. ज्यांत दोन वा अधिक गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतात, त्या संयुक्त घटनांचा हा पहिला पाठ होय. शिक्षकांनी आधी काहीही न सांगता प्रश्न विचारावा : ‘दोन नाणी एकदम उडविली, तर काय काय होऊ शकेल?’ बहुतेक वर्गांत उत्तर येते, ‘तीन गोष्टी. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक छापा एक काटा.’ आणि पाठोपाठ, ‘प्रत्येकाचा संभव एक तृतीयांश.’ या उत्तरावर रागावू नये, अथवा घाईने दुरुस्तीही करू नये. फ्रान्समधील दालांबेर या थोर गणितज्ञाने १७५४ साली विश्वकोशातील आपल्या लेखात याच जातीची चूक केली होती. दोन वेळा नाणे उडविले असता निदान एकदा छापा पडण्याचा संभव किती, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. पहिल्यांदाच छापा पडला तर डाव तेथेच संपतो, म्हणून प्रकार तीनच उरतात : छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिहींपैकी दोन अनुकूल, म्हणून संभाव्यता २/३, असा त्याचा युक्तिवाद होता. खरे उत्तर ३/४ आहे. त्याने मोजले बरोबर, परंतु सारख्या नसलेल्या गोष्टी सारख्या धरल्या. पहिल्याच फेकीत छापा पडणे हे एकट्याने अर्धा भाग व्यापते. उरलेले दोन प्रकार मिळून दुसरा अर्धा भाग होतो.

वर्गाचा निवाडा नाण्यांकडूनच करवून घ्यावा. दोन सारखी नाणी न घेता एक रुपयाचे व एक पाच रुपयांचे घ्यावे. ही लहानशी युक्ती निम्मे काम करते. दोन सारख्या नाण्यांत ‘एक छापा एक काटा’ हा एकच प्रकार भासतो. नाणी निराळी असली की मुलाच्या डोळ्यांपुढे दोन प्रकार येतात : रुपयावर छापा व पाचावर काटा, आणि रुपयावर काटा व पाचावर छापा. तीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा जोडी उडविली की तीनशे नोंदी होतात. त्यांत दोन्ही छापे ७५ च्या आसपास, दोन्ही काटे ७५ च्या आसपास आणि मिश्र १५० च्या आसपास यावयाचे. नेमके १५० येण्याची अपेक्षा शिक्षकांनी धरू नये. दहा-पंधराचा फरक पडणे नित्याचे आहे. आकडे जुळावेत म्हणून नोंदी ‘नीट’ करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. प्रयोगात फेरफार करून सिद्ध केलेले गणित मुले लवकर ओळखतात.

मोजणी झाली की फळ्यावर फांद्यांची आकृती काढावी. एका खोडाला दोन फांद्या, पहिल्या नाण्याचा छापा व काटा. प्रत्येक फांदीला पुन्हा दोन डहाळ्या, दुसऱ्या नाण्याचा छापा व काटा. टोके चार. अर्ध्याचा अर्धा म्हणजे चतुर्थांश, हे अपूर्णांकांच्या गुणाकाराचे जुने ज्ञान येथे जिवंत होते. एका घटनेचा दुसरीवर परिणाम होत नसेल, तर दोन्ही मिळून घडण्याचा संभव दोन संभाव्यतांच्या गुणाकाराएवढा असतो, हा नियम मुलांनी आकृती पाहून स्वतः म्हणावा. शिक्षकांनी तो फक्त शुद्ध भाषेत लिहून द्यावा. नाणे व फासा मिळून बारा निष्पत्ती; छापा व सम अंक यांस अनुकूल तीन; ३/१२ म्हणजे १/४, आणि १/२ × १/२ हेही १/४. दोन फाशांच्या छत्तीस निष्पत्तींचा तक्ता मुलांना घरून करून आणावयास सांगावा. बेरीज सात सहा तऱ्हांनी येते आणि बेरीज दोन एकाच तऱ्हेने, हे पाहिल्यावर सापशिडी खेळणाऱ्या मुलांना अधिक समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

या विषयातील खरी अडचण याच्यापुढे आहे, आणि ती गणिताइतकीच घरातीलही आहे.

सातवीच्या एका वर्गात नाण्याचा प्रयोग चालू असता लागोपाठ तीन वेळा छापा पडला. ‘आता काटाच येणार, गुरुजी,’ एक मुलगी म्हणाली. गुरुजींनी विचारले, ‘कशावरून?’ ‘छापा किती वेळा येणार? आता काट्याची पाळी.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘आमची आजीपण तेच म्हणते. आम्ही तिघी बहिणी आहोत ना. आता भाऊच होणार.’

गुरुजींनी आजीला खोटे पाडले नाही, आणि मुलीच्या घरची गोष्टही पुढे नेली नाही. त्यांनी नाण्याचाच प्रश्न हाती घेतला. मुलांच्या पंधरा जोड्या करून प्रत्येक जोडीला चाळीस वेळा नाणे उडवून छ व का ही अक्षरे क्रमाने लिहावयास सांगितले. नंतर जेथे लागोपाठ तीन छ आले असतील तेथे रेघ मारून त्याच्यापुढचे चौथे अक्षर पाहावयाचे, व सर्व जोड्यांची अशी अक्षरे एकत्र करून मोजावयाची. सहाशे नोंदींत अशा साठ-सत्तर जागा मिळतात. चौथ्या जागी छ व का जवळजवळ सारखेच निघाले. पाळी असती, तर का पुष्कळच अधिक निघावयास हवे होते.

परंतु एवढ्याने वर्गाचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. एका मुलाने शंका काढली : ‘चार वेळा छापाच येण्याचा संभव १/१६ असे आपणच काढले. मग तीन आल्यावर चौथा येणे इतके कठीण असताना अर्धा संभव कसा?’ ही शंका हुशार मुलालाच येते. तिचे उत्तर फांद्यांच्या आकृतीतच आहे. चार वेळा नाणे उडविण्याच्या सोळा ओळी फळ्यावर लिहाव्यात. छ-छ-छ अशी सुरुवात असणाऱ्या त्यांत दोनच ओळी आहेत : छ-छ-छ-छ आणि छ-छ-छ-का. खेळ सुरू होण्यापूर्वी या दोहोंचा संभव प्रत्येकी १/१६ आहे. म्हणजे काट्याने शेवट होणारी ओळही तितकीच दुर्मीळ आहे. तीन छापे पडून गेले की उरलेल्या चौदा ओळी पुसल्या जातात. उरतात त्या दोन, आणि दोन्ही सारख्या. १/१६ ही संख्या वाट सुरू करणाऱ्यासाठी आहे. तीन टप्पे चालून आलेल्याला तिचा उपयोग नाही. फळ्यावर चौदा ओळी खरोखरीच पुसून दाखवाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

त्या मुलीने आपल्या वहीत उरलेल्या दोन ओळींखाली रेघ ओढून ठेवली.

शिक्षकांना याची पार्श्वभूमी ठाऊक असावी. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे संभव नेमका अर्धा नसला तरी अर्ध्याच्या अगदी जवळ आहे, व आधी किती मुली झाल्या यावरून तो मुलाच्या बाजूस वळत नाही. मूल मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. तेव्हा सुनेला बोल लावणे शास्त्रात बसत नाही आणि ‘आता पाळी मुलाची’ हे गणितात बसत नाही. आपल्या बोलीत तीन मुलींच्या पाठीवर झालेल्या मुलाला, किंवा तीन मुलग्यांच्या पाठीवर झालेल्या मुलीला, ‘तिखळ’ म्हणतात. ज्या गोष्टीला नाव असते ती लक्षात राहते; म्हणून तिखळ मुलाची उदाहरणे गावात प्रत्येकाला ठाऊक असतात. तितक्याच वेळा होणाऱ्या चौथ्या मुलीच्या जन्माची अशी गणना कोणी ठेवीत नाही. तिला मिळाले तर निराळेच नाव मिळते. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे पडलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ही गोष्ट शिक्षकांना आठवत असेल. ‘आता तरी मुलगा’ या चुकलेल्या हिशेबाचे ओझे त्या मुली नावात वाहत होत्या.

वर्गात मात्र कोणाच्या घरी किती मुली, हे विचारू नये व तसे उदाहरणही घालू नये. नाणे पुरेसे आहे. मूल स्वतः बोलले तर ऐकावे आणि पुन्हा नाण्याकडे यावे.

येथे एक प्रश्न हमखास निघतो : नाण्याला आठवण नसेल, तर अखेर छापे-काटे सारखे कसे होतात? संख्येने ते सारखे होतातच असे नाही, हे उत्तर पुष्कळ शिक्षकांनाही नवे वाटते. जॉन केरिच हे दक्षिण आफ्रिकेत गणित शिकविणारे प्राध्यापक १९४० साली डेन्मार्कमध्ये असता जर्मन आक्रमणात सापडले. नजरकैदेतील रिकाम्या वेळात त्यांनी नाणे दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या. छापे पडले ५,०६७. निम्म्याहून ६७ अधिक, आणि नाण्याने ते ‘भरून’ काढले नाहीत. पण दहा हजारांत ६७ म्हणजे काहीच नव्हे. छाप्यांचे प्रमाण ०·५०६७ झाले. घागरभर पाण्यात पडलेली मिठाची चिमूट कोणी काढून घेत नाही, तरी पाणी गोडच लागते, तसे हे आहे.

यानंतर परस्परांवर परिणाम करणाऱ्या घटना घ्याव्यात. पिशवीत ३ तांबड्या व २ निळ्या गोट्या घालाव्यात. एक गोटी काढून रंग पाहून परत टाकली व पुन्हा काढली, तर दोन्ही तांबड्या येण्याचा संभव ३/५ × ३/५ = ९/२५. पहिली परत टाकलीच नाही, तर दुसऱ्या वेळी पिशवीत चार गोट्या उरतात व त्यांत तांबड्या दोन; म्हणून ३/५ × २/४ = ३/१०. गोट्यांवर १ ते ५ आकडे लिहून दुसऱ्या प्रकारच्या वीस जोड्या मुलांकडून पाटीवर लिहवून घ्याव्यात. दोन्ही तांबड्यांच्या ६, तांबडी-निळी ६, निळी-तांबडी ६ व दोन्ही निळ्यांच्या २. पिशवीला आठवण नाही, परंतु पिशवी बदलली आहे, हा भेद मुलांना चटकन कळतो. नाण्याचा पाठ नीट झाला असेल तर येथे वेळ लागत नाही.

‘किंवा’ या शब्दाने होणारी चूक थोडक्यात दाखवावी. फाशावर सम अंक किंवा ३ पेक्षा मोठा अंक येण्याचा संभव किती? मुले ३/६ व ३/६ मिळवून १ करतात, म्हणजे घटना निश्चित ठरते. पण १ व ३ तर बाहेरच राहिले. ४ व ६ दोन्हीकडे मोजले गेले. ते एकदा वजा करता ४/६ येते. दोन वर्तुळे काढून आकडे आत लिहिले की काम झाले.

‘निदान एक’ हा शब्दप्रयोग शिकविण्यास शेतीसारखे साधन नाही. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहण्याची रीत आहे; ७० दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजतात. शाळेत हा प्रयोग जूनपूर्वी करता येत नसेल, तर मटकीवर केव्हाही करता येतो. समजा शंभरांत सत्तर उगवतात. टोकणीच्या वेळी एका ठिकाणी दोन दाणे टाकले, तर निदान एक उगवण्याचा संभव किती? सरळ मोजू गेल्यास तीन प्रकार धरावे लागतात. उलट्या बाजूने गेल्यास एकच : दोन्ही न उगवणे, ३/१० × ३/१० = ९/१००. ते एकातून वजा करता ९१/१००. एकाच ठिकाणी दोन-दोन दाणे का टाकतात, याचे उत्तर मुलाला या हिशेबात मिळते, आणि तो ते घरी सांगतो. त्याचे वडील कदाचित म्हणतील, ‘पण पाणी साचले तर दोन्ही दाणे एकदमच कुजतात.’ वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. तसे झाल्यास एका दाण्याचे नशीब दुसऱ्यापासून वेगळे राहत नाही व गुणाकाराचा नियम लागू पडत नाही. अशी हरकत वर्गात आली, तर तो पाठ उत्तम झाला असे समजावे.

वर्गात फासे व कवड्या पाहून काही पालक जुगाराची शंका घेतात. त्यांना वर्गात बोलावून पुढील हिशेब मुलांकडून ऐकवावा. शून्य ते नऊ यांपैकी एक आकडा निघतो; एक रुपया लावून आकडा लागला तर नऊ रुपये मिळतात. शंभर दिवस रोज रुपया लावला, तर आकडा सरासरी दहा दिवस लागेल व नव्वद रुपये हाती येतील; गेले शंभर. ‘सात आठ दिवसांत आला नाही, आज येणारच’ असे म्हणणाऱ्यास तीन छाप्यांचा प्रयोग लागू आहे. हा हिशेब ऐकल्यावर सहसा शंका राहत नाही.

सरावासाठी पुढील उदाहरणे द्यावीत. (१) नाणे व फासा : काटा व ५ पेक्षा लहान अंक. (२) तीन नाणी : नेमके दोन छापे. (३) दोन फासे : दोन्हींवर सारखेच अंक. (४) तीन मुली व दोन मुलगे यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांतून वर्गनायक व उपनायक यांसाठी एकामागून एक दोन चिठ्ठ्या काढल्या : दोन्ही मुली, एक मुलगी व एक मुलगा. (५) दहापैकी आठ दाणे उगवतात असे बियाणे एका ठिकाणी दोन-दोन दाणे टोकले : निदान एक उगवणे.

उत्तरे : (१) १/३, (२) ३/८, (३) १/६, (४) ३/१० व ३/५, (५) २४/२५. नुसते उत्तर लिहिणाऱ्यास निम्मेच गुण द्यावेत. निष्पत्तींची यादी वा फांद्यांची आकृती पाटीवर असली पाहिजे. यादी बरोबर असून शेवटचा भागाकार चुकला, तर मात्र गुण फार कापू नयेत.